हिरालाल ऑफशोअर गेला त्याची हकीकत

तुळशीरामचा फोन आला तेव्हा हिरालाल रामटेके पाण्याच्या टाकीचं स्टँड जोडत बसला होता. टाकीचं स्टँड म्हणजे काय, चार पाय आणि चार आडव्या पट्ट्या. वेल्डिंग शिकायला आलेल्याला पहिल्या महिन्यात द्यावं असं काम. ते काम हिरालालसारखा माणूस करत होता, यातच त्याच्या त्या वर्षांची कहाणी आली.

हिरालाल कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. त्याचे वडील तुमसरकडून रायपूरला आले आणि रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चिकटले. हिरालाल तिथल्याच क्वार्टरात वाढला, आयटीआय झाला आणि जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागला. कारखाना बॉयलरचे पाइप जोडून द्यायचा. बॉयलरच्या आत पाइपांची अशी दाटी असते की पुढून जोडता येतं, पण पाठीमागे हात जेमतेम जातो आणि डोळा जातच नाही. तिथे आरसा लावायचा. आरशात पाहून जोडायचं. आरशात डावं ते उजवं होतं, हात पुढे न्यावा तर ठिणगी मागे पळताना दिसते. भलेभले वेल्डर तिथे रडकुंडीला येत. हिरालालला ते जमायचं. का जमायचं, ते त्यालाही सांगता येत नसे. म्हणायचा, "मी डोळ्याचं आयकतच नाई, हाताचं आयकतो."

एकदा कोरब्याच्या वीजकेंद्राकडे काम निघालं आणि कारखान्याचा आरसा वाटेत फुटला. हिरालालने बॅगेतून घरचा आरसा काढला. निळ्या प्लास्टिकच्या चौकटीचा, बायकोचा, कांताबाईचा. तो न विचारता आणलेला होता. आठवडाभर कांताबाई अंदाजाने टिकली लावत होती आणि आठवडाभर ती टिकली भुवईच्या आसपास कुठेतरी उतरत होती. शेजारणींनी विचारलं तर म्हणायची, "आमच्या घरचा आरसा ड्यूटीवर गेला हाय." आरसा परत आला तो धुराने तपकिरी होऊन. पण त्या कामाचे एकोणचाळीस जॉइंट एक्स-रेत तपासले गेले आणि एकोणचाळीस पास झाले. जोडलेल्या पाइपाचा असा फोटो काढतात, माणसाच्या हाडाचा काढतात तसा. आत मोहरीएवढा बुडबुडा राहिला तरी दिसतो.

पुढे वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. मंत्रालय नव्या रायपूरला गेलं, रस्ते रुंद झाले, रेल्वे क्वार्टरांपलीकडच्या बीरगांवची वस्ती दुप्पट झाली. उरल्याच्या कारखान्यात आपोआप जोडणारं मशीन आलं. मशीन चहा पीत नाही आणि रजा मागत नाही. हिरालालला कोणी काढलं नाही, पण त्याला देण्यासारखं काम उरलं नाही. दोन वर्षं त्याने मशीनची तार बदलली आणि मग स्वतःच उठून बीरगांवात रस्त्याकाठी ग्रिल-गेटचं दुकान टाकलं. गेट, जाळी, टाकीचं स्टँड. काम भरपूर होतं, पोट चालत होतं. पण त्याच्या जॉइंटचा एक्स-रे काढावा असं कोणाला वाटणारच नव्हतं. गेटाचा कोण एक्स-रे काढतो? लोक रंग पाहत आणि घेऊन जात. संध्याकाळी दुकान बंद करताना हिरालाल कधीकधी उगाच एखाद्या जाळीचा सांधा बोटाने चाचपत उभा राहायचा. कांताबाई ते पाहायची.

अशा वेळी तुळशीरामचा फोन. तुळशीराम त्याचा उरल्याचा जुना जोडीदार, आता एका ठेकेदाराकडे सुपरवायझर.

"हिराभाऊ, जय भीम. का करून राहिले?"

"टाकीचं स्टँड करून राहिलो."

"ते ठेवा खाली. ऑफशोअरले एक जॉइंट हाय. पाइपाच्या मागून हाय, डोळा जात नाई. दोन मानसं येऊन गेले, दोघांचाबी एक्स-रे फेल. मी साहेबाले सांगतलं, आरशात पाहून जोडनारा मानूस मले मालूम हाय. या."

"कुठं या?"

"समुद्रात," तुळशीराम म्हणाला, जणू शेजारच्या दुर्ग गावाला बोलावतो आहे.

हिरालालच्या हातातला होल्डर तसाच राहिला. दुपारभर त्याने ते स्टँड पुरं केलं नाही. संध्याकाळी घरी जाऊन त्याने कांताबाईला सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा असा झाला होता की कांताबाईला अर्धी गोष्ट न ऐकताच कळली. पण ती अशी लगेच हो म्हणणारी बाई नव्हे.

"समुद्रात कायले? तिथं लोखंड असते का?"

"तेलाचा प्लॅटफॉर्म असते, लोखंडाचाच. पान्यात उभा. त्याले ऑफशोअर म्हनते."

"प्लॅटफॉर्म मी रेल्वेचा पाहिला हाय. त्याच्या दोन्ही बाजूले रूळ असते." कांताबाईने भाकरी उलटली. "हे पाहा, जे मले समजत नाई तिकडे मी तुमाले धाडत नाई. ऑफशोअर म्हनजे का असते ते चार मानसांले नीट इचारून या. मंग बॅग मी भरून देते."

मुलगी साक्षी नर्सिंगला होती. तिने मोबाइलमधून मान वर केली. "मम्मी, गूगल कर लो ना."

"गूगल जाऊन राहिलं का समुद्रात? तुझे बाबा जाऊन राहिले. मानसांले इचारू दे."

झालं. हिरालाल अर्थ शोधायला निघाला.

पहिल्यांदा गेला भाच्याकडे. अश्विन शहरातल्या तेलीबांधा भागात एका काचेच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर नोकरी करायचा. अमेरिकेतले डॉक्टर रोग्याला तपासून जे बोलतात, ते रेकॉर्ड होऊन इथे येतं आणि अश्विन ते टाइप करतो. म्हणजे एखाद्या म्हातारीचा गुडघा अमेरिकेत दुखतो आणि तेलीबांध्याला टाइप होतो. हिरालालने ऑफशोअर शब्द काढताच अश्विन हसला.

"मामाजी, ऑफशोअर तो हम ही हैं."

"तू? तू तं लिफ्टनं वर येतं."

"हव. पर उनके हिसाब से हम ऑफशोअर टीम हैं. जो वहाँ बैठा है वो ऑनशोअर. काम उनका, किनारा उनका, और हम किनारे से बाहर."

हिरालालने काचेतून खाली पाहिलं. खाली तेलीबांध्याचा तलाव होता. त्याच्या काठाला लोक आता मरीन ड्राइव्ह म्हणू लागले होते. भेळ खात होते, फोटो काढत होते. पाणी होतं, काठ होता, आणि भाचा म्हणत होता आपण किनाऱ्याबाहेर आहोत. हिरालालला ते फार आवडलं. एवढ्या लांबच्या समुद्रापलीकडून कोणीतरी रायपूरकडे पाहतं आणि आपल्या किनाऱ्यापासून मोजतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो उरल्याच्या जुन्या कारखान्यात गेला. अनुभवाचं पत्र हवं होतं. मालक शेठजी चांगला माणूस, हिरालालला ओळखून होता.

"सेठजी, एक चिट्ठी चाहिए थी. ऑफशोअर का मामला है."

शेठजीने चपराशाला बाहेर पाठवलं. उठून स्वतः दार लावलं. मग खुर्चीत बसून हळू आवाजात विचारलं, "तुमको किसने बताया?"

"तुलसीराम ने."

"कौन तुलसीराम? किस डिपार्टमेंट में है?"

"वेल्डिंग में, सेठजी. अपने यहीं तो था."

शेठजीने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मग समुद्र, प्लॅटफॉर्म, जॉइंट हे सगळं ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने काजूकतली मागवली. पत्र तर असं लिहून दिलं की हिरालालला स्वतःलाच वाचताना लाज वाटली. निघताना हिरालालने सरळपणे विचारलं, की शेठजी, तुम्हाला कोणतं ऑफशोअर वाटलं होतं? शेठजी म्हणाला, "अरे, कुछ लोग समंदर पार किसी टापू पर कंपनी खोल लेते हैं. आदमी यहाँ, कंपनी वहाँ. हम नहीं खोलते." ते शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला.

राहिले यज्ञेश्वर काका. ब्राह्मणपारा या जुन्या वस्तीत राहायचे, वय ऐंशीच्या वर. रेल्वेच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघत असत. हिरालालच्या वडिलांचा पेन्शनचा अर्ज त्यांनीच लिहिला होता. त्यांच्याकडे विटेएवढा शब्दकोश होता आणि तो उघडायला निमित्त हवं असायचं.

"बस, हिरालाल. पाणी घे. आता बघ, हा शब्द मोठा गमतीचा आहे." काकांनी भिंग लावलं. "किनाऱ्यापासून दूर, पाण्यात, हा पहिला अर्थ. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा, तोही ऑफशोअर. आणि परदेशात थाटलेला कारभार, तोसुद्धा. तुझा भाचा खरं बोलला, तुझा शेठही खरं बोलला."

"पूर्न खरं बोलला का ते नाई मालूम," हिरालाल म्हणाला.

काका खोकेपर्यंत हसले. मग म्हणाले, "एवढं लक्षात ठेव. या सगळ्यांत किनारा सुटतो. कोणाचा किनारा, ते मात्र विचारून घ्यावं." मग त्यांनी शाळेचा जुना नकाशा काढला आणि शिवणाच्या दोऱ्याने रायपूरपासून समुद्र मोजला. पूर्वेला पुरी जवळ पडत होती. तुळशीरामचा समुद्र मात्र पश्चिमेला होता, दोरा जवळजवळ दुप्पट लागला. काकांनी तो दोरा गुंडाळून हिरालालच्या खिशात घातला. म्हणाले, घरी दाखव.

कांताबाईने सगळं ऐकलं. दोरा हातावर धरून पाहिला. शेठजीच्या दाराची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली आणि दोन्हीदा डोळे पुसेस्तोवर हसली. मग एकदम गंभीर झाली.

"म्हनजे तिथून किनारा दिसत नाई."

"नाई."

"मंग वापस कसे येनार?"

"हेलिकॉप्टर आनते. पन त्याच्या आधी पान्याची परीक्षा असते. हेलिकॉप्टर पान्यात पडलं तं बाहेर कसं निघाचं, ते शिकवते. त्याचं सर्टिफिकेट भेटलं तरच जाता येते."

"पान्याचं का," कांताबाई म्हणाली, "तुमी तं बेडूक हाय." आणि तिने माळ्यावरची बॅग काढली.

कोकण किनाऱ्यावरच्या त्या ट्रेनिंग सेंटरात हिरालाल पोचला तेव्हा त्याच्या बॅचमध्ये तो सगळ्यात वयस्कर होता; एक्कावन्न पुरी. शिकवणारे अच्युत सर नौदलातून निवृत्त झालेले, उंच, उन्हाने काळे पडलेले, बोलणं मोजकं. फॉर्मवर रायपूर वाचून त्यांनी भुवई उचलली.

"रायपुरात समुद्र कुठला?"

"समुद्र नाई सर. तलाव हाय."

"माझे वडील मच्छीमार होते," अच्युत सर म्हणाले. "किनारा दिसतो तोवरच जाळं टाकायचे. ऑफशोअर मासेमारी मोठ्या बोटवाल्यांची. ते म्हणायचे, किनारा दिसेनासा झाला की माणसाचा स्वभाव कळतो. बघू तुमचा."

पुढचा दिवस असा. एका खोल, निळ्या फरशीच्या तलावावर हेलिकॉप्टरच्या आकाराचा डबा टांगलेला होता. त्यात पाच जणांना पट्टे बांधून बसवायचं, डबा पाण्यात सोडायचा आणि पाण्याखाली गेल्यावर तो उलटा करायचा. माणूस डोकं खाली पाय वर असा लटकतो, नाकात पाणी जातं, वर कुठे आणि खाली कुठे कळत नाही. तशात पट्टा सोडायचा, खिडकी ढकलायची, बाहेर निघून वर यायचं आणि डोक्यावर हात ठेवायचा. हात ठेवला म्हणजे ठीक आहे. एवढंच.

डबा उलटला. एक पोरगा ओरडायच्या बेतात होता, एकाने चुकीच्या बाजूची खिडकी ढकलली. हिरालाल मात्र मजेत होता. उलटं-सुलटं दिसणं ही त्याची रोजची भाकर. त्याने डोळ्याचं ऐकलंच नाही, हाताने खिडकीची कड धरून ठेवली होती, तिच्या मागे गेला आणि सगळ्यांत आधी बाहेर पडला.

वर मात्र चारच डोकी आली.

अच्युत सरांनी मोजली. चार. पुन्हा मोजली. शिटी वाजली, पाण्यातले दोन डायव्हर गर्रकन वळून खाली गेले, काठावरच्या दोघांनी उड्या टाकल्या. आणि मग तलावाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात पाणी फुटलं आणि हिरालाल वर आला. उजवी मूठ उंच धरलेली. चेहऱ्यावर हसू. मुठीत नाकाला लावायचा एक चिमटा, कोणाचातरी कधीतरी पडलेला.

डायव्हर एकेक करून वर आले. 

"हे काय आहे?" अच्युत सरांनी विचारलं.

"सर, तळाले माती नाई," हिरालाल धापा टाकत म्हणाला. "सगळी फरशी हाय. खूप चाचपलं. हेच भेटलं."

आता हे असं का झालं? तर बीरगांवकडच्या तलावांत पोरं डुबकी मारत, तेव्हा त्यांचा एक कायदा होता. नुसतं पाण्यात नाहीसं होऊन वर आलं, तर ती डुबकी मोजली जात नसे. तळाची काळी माती मुठीत आणून दाखवायची. मूठ रिकामी, तर पोरं काठावरून ओरडत, "लबरा, लबरा," म्हणजे खोटारडा. त्या मातीने बाया केस धूत, त्यामुळे आणलेली माती वायाही जात नसे. हिरालाल त्या तलावात सात वर्षांचा असल्यापासून डुबक्या मारत आला होता, आणि मूठ रिकामी घेऊन तो कधीच वर आला नव्हता. परीक्षा म्हटल्याबरोबर त्याचं अंग सरळ तळाकडे गेलं. त्याला वाटलं, आपण इतरांपेक्षा जास्त करून दाखवलं.

अच्युत सरांनी फॉर्मवर 'नापास' लिहिलं. ते रागावले नव्हते, हेच हिरालालला जड गेलं.

"रामटेके, बसा. दम तुमच्यात आहे, ते मी पाहिलं. पण इथे वर आम्ही डोकी मोजतो. एक डोकं कमी पडलं की चार माणसं आपला जीव बाजूला ठेवून खाली उतरतात. तुम्ही तळाला माती शोधत बसलात, आणि तेवढ्यात खरोखर बुडणारा दुसराच कोणी असता, तर? त्याच्याकडे कोण गेलं असतं?"

हिरालालची मान खाली गेली. मूठ अजून मिटलेलीच होती. त्याने ती उघडून चिमटा काठावर ठेवला.

"दुपारच्या बॅचमध्ये एक जागा आहे," सर म्हणाले. "हेलिकॉप्टरची यादी संध्याकाळी बंद होते, तुमच्या तुळशीरामचा दोनदा फोन येऊन गेला. मी तुम्हाला बसवीन. पण आधी मला सांगा, पुन्हा खाली जाणार नाही ना?"

इथे दुसरा कोणी असता तर 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. हिरालालने आधी स्वतःच्या अंगाचा अंदाज घेतला.

"सर, मनानं नाई जानार. पन आंग जाते. चाळीस वर्साचं वळन हाय. मी तुमाले खोटं सांगत नाई."

"मग मी तुम्हाला कसा बसवू?"

"नका बसवू," हिरालाल म्हणाला. मग थांबून म्हणाला, "जेवनाच्या सुट्टीपर्यंत टाइम द्या."

त्याने घरी फोन लावला. आधी साक्षीने घेतला आणि बातमी ऐकून हसूच आवरेना. "मम्मी, पापा नीचे मिट्टी लेने चले गए." मग कांताबाईने फोन ओढून घेतला. तिने सगळं नीट ऐकलं. चार माणसांनी उड्या टाकल्या तिथे ती 'अगा बापा' म्हणाली. 

"मी एक इचारू?" ती म्हणाली. "तुमी माती कोनाले दाखवाले आनता?"

"कोनाले म्हनजे?"

"काठावर कोन हाय तिथं? ते पोट्टे तं म्हातारे झाले. एक मेलाबी. सगळ्या आयुष्यात तुमी पुरावा देऊन राहिले. त्या शेठाले दिला, इंजिनेराले दिला, एक्स-रेवाल्याले दिला. तिथं त्या सरांले फक्त तुमचं डोकं पाह्यचं हाय. मले बी तेवढंच पाह्यचं हाय." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "रिकाम्या हातानं वर या. आन् त्या मानसांची माफी मांगा आधी."

हिरालालने जेवायच्या आधी चौघा डायव्हरांची माफी मागितली. त्यांतला एक म्हणाला, काका, तो चिमटा माझाच होता, महिनाभर शोधत होतो. मग हिरालाल अच्युत सरांकडे गेला.

"बसवा सर. नाई जानार."

"दोन तासांत चाळीस वर्षांचं वळण गेलं?"

"गेलं नाई. पन घरून सांगून आलं."

अच्युत सरांनी त्याच्याकडे बघितलं.  दुपारच्या यादीत पाचवं नाव लिहिलं.

डबा पुन्हा पाण्यात गेला आणि उलटा झाला. हिरालाल पट्ट्यातून सुटला, खिडकीबाहेर आला. आणि खाली ती निळी फरशी दिसली. खरं सांगायचं तर त्याचे पाय वळले. अर्धा हातभर तो खाली गेलासुद्धा. काठावरून अच्युत सरांना ते दिसलं आणि त्यांची शिटी ओठांपर्यंत गेली. तेवढ्यात हिरालालने दोन्ही मुठी उघडल्या. उघडे पंजे घेऊन तळाला जाण्यात काही अर्थ नसतो, हे त्याच्या अंगाला बहुतेक कळलं असावं. त्याने पाणी खाली लोटलं आणि तो सरळ वर आला. डोकं बाहेर. हात डोक्यावर.

"पाच," अच्युत सर मोठ्याने म्हणाले. एरवी ते मनात मोजत.

तिसऱ्या दिवशी हिरालाल प्लॅटफॉर्मवर होता. चारी दिशांना पाणी, मधे लोखंडाचं एक गाव, खाली पायऱ्या थेट समुद्रात गेलेल्या. तुळशीरामने त्याला मिठी मारली आणि लगेच जॉइंट दाखवला. पाइप भिंतीला असा खेटून होता की मागे फक्त चार बोटं जागा. आधीच्या दोघांनी जोडलेलं घासून काढलं होतं. हिरालाल पहिला दिवस नुसता बसून राहिला. साहेब म्हणाला, हा काय करतो? तुळशीराम म्हणाला, प्लॅटफॉर्म किती हलतो ते मोजून राहिला. तो खरंच हलायचा, अगदी थोडा, बैलगाडीत झोप लागताना हलतं तेवढा. बॉयलर कधी हलत नाही. हिरालालला हाताची लय नव्याने बसवावी लागली.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. रेडिओवाल्याने सांगितलं, आज ऑफशोअर वारा, जमिनीकडून येतो आहे. आणि दुपारी डेकवर चतुर उतरले, तलावाकाठी उडतात तसलेच. शंभर मैल पाण्यावरून वाऱ्यासोबत आलेले. एक हिरालालच्या आरशावर बसला. त्याने काम थांबवलं आणि तो उडेपर्यंत वाट पाहिली. साहेबाने घड्याळ पाहिलं. तुळशीराम म्हणाला, "बसू द्या साहेब, हिराभाऊचा हात थंडा होऊन राहिला."

संध्याकाळपर्यंत जॉइंट झाला. एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा हिरालाल जवळ उभा होता, पण वाकून पाहिलं नाही. तपासनीसाने फिल्म दोनदा फिरवली, सही केली आणि पाइपावर जॉइंटच्या शेजारी हिरालालचा नंबर ठोकला. तिथे प्रत्येक वेल्डरचा नंबर असतो. पुढे कधी काही झालं, तर हे कोणी जोडलं ते कळावं म्हणून. हिरालालचा सतरा. त्याच महिन्यात त्याने अजून अकरा जॉइंट जोडले. पुढची चार वर्षं, दर वर्षी पावसाळा उतरला की त्याला बोलावणं यायचं.

बीरगांवातलं दुकान चालूच राहिलं. पण तिथे एक गंमत झाली. आसपासच्या ग्रिलवाल्यांत हिरालालच्या कामाची चर्चा होती, आणि हळूहळू ऑफशोअर हा शब्द त्यांच्या तोंडी बसला. समुद्राशी त्याचा काही संबंध राहिला नाही. सांधा स्वच्छ, सरळ, बुडबुड्यावाचून आला की कारागीर म्हणायचे, "एकदम ऑफशोअर." कोणी घाईत काम उरकलं की मालक म्हणायचा, "ये नहीं चलेगा, ऑफशोअर मार." यज्ञेश्वर काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या समासात शाईने चौथा अर्थ लिहिला. पुढे कंसात लिहिलं, बीरगांव.

परवा एक बाई दुकानात आली. घराला मोठं गेट हवं होतं. हिरालालला ती ओळखत नव्हती.

"भैया, वो ऑफशोअर वाला बना देना. जो खराब नहीं होता."

हिरालालने मापाचा टेप काढला. "बन जाएगा, दीदी," तो म्हणाला. "पर आठ दिन लगेंगे."

"आठ? सामनेवाला तो दो दिन में दे रहा है."

"हव," हिरालाल म्हणाला आणि माप लिहायला लागला. बाईने जरा विचार केला, आणि आत येऊन स्टुलावर बसली.